चौदा नंबरच्या खोलीतली पाहुणी

पुरात घर गेलेल्या सुताराला तात्पुरत्या निवाऱ्यात चौदा नंबरची खोली मिळाली, त्याला आता चार महिने झाले होते. खोलीला खिडकी एक आणि नियम बेचाळीस. सुतारानं सगळे पाळले. सुतार असून भिंतीत एक खिळा ठोकला नाही, यापरता त्याग तो काय असायचा! मग लेकीला मुलगी झाली आणि तिथंच माशी शिंकली.

बाळ खोलीत आलं त्याच दिवशी निवाऱ्याचे व्यवस्थापक तपासणीला आले. माणूस भला, नाकासमोर चालणारा. फक्त नाकासमोर कायम नियमावली धरलेली. त्यांनी डोकी मोजली. सुतार, त्याची बायको, लेक, जावई. नोंद चौघांची होती, आणि भरली पाच.

"नात माझी," सुतार म्हणाला. आनंद काही त्याच्या आवाजात मावत नव्हता.

साहेबांनी जन्मतारीख पाहिली आणि मनापासून हळहळले. पूर चार महिन्यांपूर्वीचा, बाळ चार दिवसांचं. तेव्हा बाळ पूरग्रस्त नव्हे. त्याचं काहीच वाहून गेलेलं नाही. पूरग्रस्त नसलेला माणूस पाहुणा, आणि पाहुण्याला मुक्काम तीन दिवस.

"अहो साहेब, पूर आला तेव्हा ती पोटात होती. छपरावर आम्ही पाचजण बसलो होतो."

"मग नोंदणीच्या वेळी एक माणूस दडवलात?" साहेबांनी चष्मा पुसला. "खोटी माहिती दिली तर खोलीच रद्द होते, बरं का."

सुतारानं जीभ चावली. बोललोच नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बायको मात्र फणकारली, की पोटातल्या लेकराला रांगेत उभं करायचं कसं तेवढं सांगा.

तोडगा साहेबांनीच काढला. पाहुण्यानं चौथ्या दिवशी उजाडता बाहेर पडायचं आणि मावळता नवा पाहुणा म्हणून परत यायचं. झालं! दर चौथ्या दिवशी सुतार नातीला घेऊन समोरच्या नव्या इमारतीच्या सावलीत बसू लागला. पाजायला लेकही बसे. नोंदवहीत 'येण्याचं कारण' असा रकाना होता. त्यात सुतार दर वेळी 'आजोबांना भेटणे' असं लिही.

इमारतीतली माणसं दयाळू. पुराच्या आठवड्यात त्यांनीच ब्लँकेटं वाटली होती, फोटो आहेत. पण आता दर चौथ्या दिवशी खाली उतरलं की हे दृश्य. फुकटाची सवय लागली की माणूस लेकरं घेऊन रस्त्यावर बसतो, असं कुणीतरी म्हणालं. निवारा इथून हलवावा, असा अर्ज झाला. कागद दारोदार फिरला, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि खोल्या आठ दिवसांत रिकाम्या करायचा हुकूम निघाला. पुढं कुठं जायचं, हे हुकमात नव्हतं.

सुतार नातीला खांद्यावर घेऊन इमारतीत शिरला. एकेका दारात हात जोडून, सही तेवढी मागं घ्या म्हणाला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं: अहो, आम्ही कुठं वाचलं होतं, शेजाऱ्यांनी केली म्हणून केली.

तुमच्याही दारात आला होता तो. बाळ गोड आहे म्हणालात, गालाला हात लावलात, आणि वारा लागेल हो पोरीला, म्हणून दार लावून घेतलंत.