इंजिनरावांच्या शाली

एका जंगलात, मुलांनो, एक डिझेल इंजिन राहत होतं. खालच्या ओढ्याचं पाणी ते वरच्या हौदात चढवायचं आणि त्या हौदावर सगळं जंगल जगायचं. म्हणून सगळे त्याला इंजिनराव म्हणत.

या जंगलात मान देण्याची एकच पद्धत होती. शाल. दर वाढदिवसाला इंजिनरावांचा सत्कार व्हायचा. शाल घालायची कुठे, हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडला. इंजिनाला खांदे नसतात. मग जंगलाचे अध्यक्ष गवा आबासाहेब यांनी वरचा गोल डबा दाखवला. "हे डोकं असणार." तेव्हापासून सगळ्या शाली त्या डब्यावर चढल्या. एकीवर एक.

तो डबा म्हणजे इंजिनरावांचं नाक होतं. त्यातूनच ते हवा आत घेत. पण इतक्या मान्यवराला "तुमचं नाक कुठे" असं कोण विचारणार?

पुढे इंजिनराव धापा टाकू लागले. डिझेल जास्त पिऊ लागले, पाणी कमी देऊ लागले. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघू लागला.

"अनुभव आहे तो," कासव अण्णा म्हणाले. अण्णा आबासाहेबांचे सल्लागार होते. "तरुण इंजिनांचा धूर दिसतो तरी का?"

"आणि त्यांना हळू चालवा," आबासाहेबांनी हँडल मारणाऱ्या माकडांना बजावलं. "वय झालंय."

माकडं हळू चालवू लागली. धूर आणखी अनुभवी झाला.

त्याच जंगलात झिपरी नावाची एक खार होती. डोंगरापलीकडच्या कॉलेजात ती इंजिनांचं शिकून आली होती. कुठल्याही सभेत तिला फार वेळ गप्प बसवत नसे. हौदाचा तळ दिसू लागला त्या दिवशीच्या सभेत तर मुळीच बसवलं नाही. हौद आटला तर सगळ्यांनी पलीकडच्या नदीवर राहायला जायचं, असं मोठ्यांनी ठरवून टाकलं होतं. गव्यांना ती दुपारची फेरी होती. खारी वाटेतच मेल्या असत्या.

"आबा, त्यांना हवा मिळत नाहीये," झिपरी म्हणाली. "हवा कमी, म्हणून डिझेल अर्धवट जळतं. त्याची काजळी होते. शिवाय त्यांचा थोडा धूर एका नळीतून परत त्यांच्याच नाकात जातो. तो आत थरावर थर बसतो. त्यात तुम्ही चालवता हळू, म्हणजे साचलेलं जळूनही जात नाही."

अण्णांनी कवचातून मान बाहेर काढली. "स्वतःचाच धूर परत आत घ्यायचा? तो कसा काय?"

"तुमचं मागच्या सभेतलं भाषण या सभेत तुम्हालाच ऐकवावं, तसा."

"ऐकायला आवडेल," अण्णा म्हणाले.

झिपरीने डोळे मिटून घेतले, मग उघडले. "शाली काढा आणि मला आत जाऊ द्या."

सभा गार पडली. "दिलेला मान काढून घ्यायचा?" आबासाहेबांचा आवाज जड झाला. "पोरी, तुझं वय काय, इंजिनरावांचं वय काय."

"माझं नाक उघडं आहे, आबा. फरक एवढाच."

सभेने विचारविनिमय केला. इंजिनरावांना बरं वाटावं म्हणून त्यांना आणखी एक शाल घालण्यात आली.

दुसऱ्या दिवशी इंजिनराव खोकले आणि बंद पडले.

शोकसभा भरली. "शेवटच्या श्वासापर्यंत ते अनुभव देत राहिले," असं अण्णा दोनदा म्हणाले. या वेळी झिपरी भांडली नाही. मान खाली घालून तिने विचारलं, "अण्णा, शेवटची आंघोळ तरी घालायची ना? शालींसकट कशी घालणार?"

अण्णांना हे पटलं. पोरगी सुधारली, असं त्यांनी आबासाहेबांच्या कानात सांगितलं.

शाली निघाल्या. झिपरीने धुराच्या नळीत डोकावलं. एरवी अख्खी खार मावेल अशी ती नळी, आता तिच्यात शेपूट जेमतेम जात होतं. आत काजळी आणि तेलाचा थर, दुधाच्या करपलेल्या पातेल्यासारखा. तो दातांनी कुरतडत, नखांनी खरवडत, रॉकेलने धुवत ती आत शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या पाठीवरचे पट्टे दिसत नव्हते.

"मार हँडल," ती माकडाला म्हणाली. "आणि हळू नको."

इंजिनराव शिंकले. एक काळा ढग आबासाहेबांच्या तोंडावर बसला. मग इंजिनराव असे धडधडले की झाडावरच्या वाघळांची झोप उडाली. हौदात पाण्याची जाड धार कोसळू लागली.

"बघितलंत?" अण्णा म्हणाले. "शोकसभेत भाषणं चांगली झाली की असं होतं."

लगेच सत्कार ठरला. इंजिनरावांना नवी शाल, त्याच डब्यावर. "नाकावर नको," म्हणत झिपरी धावली, पण तिच्यासाठीही एक शाल आणलेली होती. गव्याच्या मापाची. आबासाहेबांनी ती स्वतःच्या हाताने घातली. शालीखाली अख्खी झिपरी दिसेनाशी झाली. आतून ती काहीतरी म्हणाली, पण कोणाला ऐकू आलं नाही.

"मान मिळाल्यावर कशी नम्र झाली बघा," आबासाहेब म्हणाले.

टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा शालीतून कुरतडण्याचा बारीक आवाज येत होता. खारीचे दात, मुलांनो, आयुष्यभर वाढत असतात. आधी एक भोक पडलं. मग त्यातून नाक बाहेर आलं. इंजिनरावांची शाल तिथून दोन उड्यांवर होती.

तात्पर्य: एखाद्याचा श्वास कोंडायचा असेल, तर त्याच्याशी भांडू नये. त्याचा सत्कार करावा. फक्त शाल घालण्यापूर्वी सत्कारमूर्तीचे दात तपासून घ्यावेत.