भाताची चौकशी

समोरच्या वहिनींचं डोकं रोज दुपारी का दुखतं, याचा छडा लावायचं मी मनावर घेतलं, तेव्हा आमची ही म्हणाली, "त्यापेक्षा बाथरूमचा नळ मनावर घ्या."

नळ काय, गळतच असतो. पण वहिनींनी शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते, शाळा उघडायला आली होती, आणि जेवण झालं की त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा, मान अवघडायची, कानशिलं ठणकायला लागायची. सुईत दोरा म्हणून जाईना. गणवेश वेळेवर गेले नाहीत तर ते काम कायमचं दुसऱ्याकडे जाणार. अशा वेळी शेजाऱ्याला राहवतं का? (मला एरवीही राहवत नाही, असं ही म्हणते.)

मी गेलो आणि थेट विचारलं, "वहिनी, काल काय जेवलात?"

"भात."

"परवा?"

"भातच. भात आणि तुमचं..."

"आमचं राहू द्या हो. आणि आज?"

"भात, भावजी."

झालं! गुन्हेगार हाती लागला. मी तिथल्या तिथे फर्मान काढलं, "भात बंद!"

वहिनींचा चेहरा एवढासा झाला. भात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नुसतं मीठ घालून दिला तरी हसतमुखाने जेवून उठतील. "थोडासुद्धा नको?" त्यांनी विचारलं.

"शीतसुद्धा नको."

त्यांनी तांदळाचा डबा निमूटपणे माझ्या हातात आणून दिला. मलाच गलबलून आलं. मी रोज त्यांना वाटीभर सूप नेऊन देत असे, त्या दिवसापासून वाडगाभर द्यायला लागलो. (सूप मी स्वतः करतो. आमच्या घरात ते दुसरं कुणी पीत नाही, पण तो विषय वेगळा.)

भात सुटला. डोकं मात्र दुप्पट दुखायला लागलं.

"अशक्तपणा आलाय तुम्हाला," मी म्हणालो, आणि वाडग्याचं पातेलं केलं.

दोन दिवसांत वहिनी आडव्या झाल्या. मशीनवर बिनबाह्यांचे सदरे तसेच पडून. शेवटी ही त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाली. मीही गेलो. सगळी माहिती माझ्याकडेच होती ना!

"काय काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भात मी बंद केलाय यांचा," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"समोरचा."

"मग जरा समोरच बसा. बाई, तुम्ही बोला."

"पाव खाते," वहिनी क्षीण आवाजात म्हणाल्या, "आणि भावजींचं सूप."

"सुपात काय असतं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी इतक्या आस्थेने विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. "मशरूम, टोमॅटो, सुपाच्या तयार वड्या, आणि हॉटेलवाले चवीसाठी घालतात ना, ती पांढरी पावडर. चिमूटभर."

"चिमूटभर?" ही म्हणाली.

"म्हणजे चमचाभर. मोठा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या पावडरीत ग्लुटामेट असतं. तुमच्या वड्यांमध्येही असतं. काहींना ते सोसत नाही. बाई, सूप आजपासून बंद. साधा भात खा, खुशाल खा."

वहिनींच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पण वहिनी," मी बाहेर आल्यावर म्हणालो, "सोसत नव्हतं तर प्यायलात कशाला?"

"इतक्या मायेने आणता, भावजी. आणि वाटी रिकामी होईपर्यंत दारातून हलत नाही."

मी डबा परत नेऊन दिला. त्या दुपारी समोरून कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि थोड्या वेळाने मशीनची घरघर. गणवेश वेळेवर गेले. मला मात्र तोंड दाखवायची चोरी झाली. कुणाच्या दारात पाऊल म्हणून टाकलं नाही.

आठवड्याने ही म्हणाली, "अहो, नवल आहे. पूर्ण इमारतीत कुणाचंच डोकं दुखत नाहीये म्हणे. खालच्या आजोबांचंसुद्धा."

मी मान खाली घातली. "बघ ना, काय जहाल होतं माझं सूप!"

"सुपाचं काय घेऊन बसलात? आजोबांकडे ते कधी गेलंच नाही," ही म्हणाली. "तिथे तुम्ही जात होता."