पळसावरचा नेम

पाखरांचे फोटो काढायला पैसा लागतो असं म्हणणारे लोक शुद्ध आळशी असतात! मी येडशीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. कॅमेरा सोलापुरातून जुना घेतला, त्याला हातभर लांब नळीचं जुनंच भिंग बसवलं. तिपाई मात्र परवडेना. शेवटी भंगारवाल्याकडं जमीन मोजणाऱ्यांची लाकडी तिपाई सापडली. गळ्याएवढी उंच, भक्कम!

"अंगठ्याएवढा शिंजीर पक्षी आता कोंबड्याएवढा दिसणार!" मी बायकोला म्हणालो.

"त्यातून पाण्याचा टँकर दिसतो का, तेवढं बघा."

साल त्र्याहत्तर. दुष्काळानं रान करपून गेलेलं. पण बेंबळीच्या शिवारात एका बांधावर पळस फुलला होता, आणि त्यावर शिंजीर! मी तिपाई रोवली, खाकी टोपी कपाळावर ओढली, नळीला डोळा लावला. शिंजीर फुलावर बसला. मी श्वास रोखला... आणि मध्येच एक बाई उभी!

"खाली बसा! तिथंच!" मी हात हलवून ओरडलो.

बाई बसली. बसल्या जागी तिनं दगड रोवला! तिच्या पुढं दुसरी उगवली. "अहो, तुम्हीपण बसा!" तीही बसली. पुन्हा दगड! मग तिसरी, चौथी... डोकं वर काढून बघतो तर काय, माझ्या तिपाईपासून पळसाला घासून पार पलीकडच्या रानापर्यंत दगडांची सरळ रांग!

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब धोतर सावरत पळत आले.

"साहेब, माझ्या रानातून कशापायी भिंत? जरा तिरकी घ्या की!"

"कसली भिंत?"

"दुष्काळी कामाच्या तळ्याची! तीन पायाचं यंत्र लावून उन्हात दुसरं कोन उभारतंय?"

मी हादरलोच! "अहो, मी मास्तर! पाखराचा फोटो काढतोय!"

आण्णासाहेबांचा जीव भांड्यात पडला. पहिला दगड रोवणारी मथुराबाई मात्र उठली.

"मंग काम न्हाय? पोरं घरी टाकून लई लांब जातो आमी खडी फोडाया. वाटलं, गावातच काम आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिपाई मिटवली. दगड उचलायला वाकलो, तर मथुराबाई म्हणाली, "मास्तर, तुमी जावा. दगड ऱ्हाऊ द्या."

काही दिवसांनी, आण्णासाहेब बाजाराला गेलेले असताना, आखणी करायला खरा सरकारी ओव्हरसियर आला. "ही आखणी कुणाची?"

"मागच्या सायबाची!" बायका एका सुरात म्हणाल्या.

उन्हात पुन्हा मोजायचा त्यालाही कंटाळा आला असणार. रेषा कायम झाली, काम लागलं! ऐकून मला कोण आनंद झाला! कॅमेरा घेऊन धावतच गेलो. मातीची पाटी डोक्यावर घेऊन मथुराबाई हसत समोर आली.

"बगा मास्तर, तुमच्याच रेघंवर भिंत!"

"वा वा! पण... पळस कुठाय?"

"त्यो व्हय? बरूबर रेघंत येत व्हता की! पयल्याच दिवशी तोडला."

नेम इतका सरळ धरता येतो, याचं इतकं वाईट मला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं!