लक्ष्मीपुढची लढाई

गोपाळराव कॉलेजच्या कचेरीतून दुपारी चारला घरी आले, तेव्हा त्यांचं युद्ध त्यांच्यावाचून सुरू झालेलं होतं. दिवाणखान्यात इरकली नेसलेल्या दोन लक्ष्म्या थाटात उभ्या होत्या. पुढे समया, फळं, लाडवांच्या राशी आणि या सगळ्याच्या बरोब्बर मधोमध एकोणीसशे एकाहत्तर सालचं लोंगेवाला. एका रणगाड्यावर करंजी ठेवलेली होती.

लोंगेवालाच्या भारत-पाक लढाईचा हा देखावा गोपाळरावांनी अकरा महिने खपून केला होता. चार फुटी फळीवर राजस्थानचं वाळवंट. वाळू सीना नदीची, बायकोच्या, म्हणजे चेतनाबाईंच्या, पिठाच्या चाळणीने तीनदा चाळलेली. त्या चाळणीवरून घरात जे झालं, ती वेगळीच लढाई. जवान इंचभरसुद्धा उंच नव्हते आणि एकेकाचा चेहरा रंगवायला एक अख्खा रविवार जाई. घरी आलेले पाहुणे मात्र उभ्या उभ्या "वा, छान!" म्हणत आणि लगेच चहात साखर कमी घालायला सांगत. आपलं काम कुणी नीट बघतच नाही, हे दुःख गोपाळराव अकरा महिने गिळत होते.

म्हणून तर त्यांनी हौशी कलाकारांच्या प्रदर्शनात नाव घातलं होतं. परीक्षक होते निवृत्त सुभेदार चनमल्लप्पा बिराजदार, म्हणजे एकाहत्तर साली अंगावर वर्दी असलेला माणूस. त्यांनी एकदा डोळे भरून बघावं, बाकी काही नको, असं गोपाळरावांना मनापासून वाटत होतं. वस्तू उद्या, गुरुवारी बाराच्या आत सभागृहात पोचवायची होती. आणि लक्ष्म्या उठणार होत्या शुक्रवारी!

"हे इथं कुणी आणलं?" गोपाळरावांचा आवाज चिरकला.

"म्या," सारजाआत्या म्हणाली. लक्ष्म्या बसवायला ती दरवर्षी मोहोळहून यायची आणि तीन दिवस घरात तिचंच राज्य असायचं. "चेतना फुलं आणाया गेलती. जाताना म्हनली, टेबलावरचा देखावा मांडून घ्या."

"मी माझा देखावा म्हणाले होते!" चेतनाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "झोपडी, विहीर, बैलगाडीचा. खोक्यात होता की हो, तिथंच टेबलावर!"

"खोक्यावर काय लिवलं नव्हतं. ह्याच्यावर चिठ्ठी हुती. देखावा क्रमांक सतरा. मला वाचता येतंय म्हनलं."

चिठ्ठी प्रदर्शनवाल्यांची होती. गोपाळरावांनी ती काल स्वतःच्या हाताने, अगदी सरळ रेषेत चिकटवली होती.

"आत्या, ही लढाई आहे गं! लक्ष्मीपुढं कुणी लढाई मांडतं का?"

"का रं? देवी लढली न्हाय व्हय म्हैसासुराशी?"

गोपाळराव फळीजवळ वाकले. जवान, तोफा, रणगाडे वाटेत मोडू नयेत म्हणून ते सुटेच न्यायचे आणि सभागृहात पोचल्यावर गोंदाने चिकटवायचे, असा त्यांचा बेत होता. आता ते सगळे, आपले आणि शत्रूचे, खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे होते. तोंडं लक्ष्मीकडे.

"निम्म्यांनी पाठ केलती लक्ष्मीकडं," आत्या म्हणाली. "बरं दिसतंय व्हय ते? एकेकाला धरून फिरवलं. कंबर गेली माजी."

"मी हे आत्ताच्या आत्ता उचलणार."

"हात लावू नगंस! लक्ष्म्या बसल्यात. मांडलं ते मांडलं. त्या उठल्यावर ने कुटं न्यायचं तितं."

पण गोपाळराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, लक्ष्मीपुढचा देखावा हलवला तर चालेल का?"

"देखावाच ना? हलवा की. हळदीकुंकू नाही ना वाहिलं त्याला?"

गोपाळरावांनी फळीवरून नजर फिरवली. "रणगाड्यांना वाहिलंय. तोफेला वाहिलंय. शत्रूच्या एका कॅप्टनला दोनदा वाहिलंय."

"मग आता राहू द्या," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्या झाल्या गोपाळरावांनी स्कूटर काढली. फळी हलत नाही, तर परीक्षकच हलवायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सभागृहाच्या दारात सुभेदार खुर्ची टाकून ताठ बसले होते. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, पण मिशांचा पीळ तसूभर ढळलेला नव्हता.

"सतरा नंबर कुटं हाय?" गोपाळरावांनी नाव सांगताच त्यांनी यादीत बघून विचारलं.

"घरी आहे साहेब. लक्ष्मीपुढं अडकलाय. तुम्ही घरी येऊन बघाल का?"

"नियमात न्हाय बसत. वस्तू हितं आली तरच नंबर मिळतो."

"नंबर नको साहेब."

"मग मला कशाला नेताय?"

गोपाळरावांचा स्वर एकदम खाली आला. "अकरा महिने झालेत साहेब. अजून कुणी नीट बघितलं नाही हो."

सुभेदारांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. "चला," म्हणाले आणि स्कूटरवर मागे बसले.

घरात पाऊल टाकतात तो कॉलनीच्या सजावट स्पर्धेच्या बायका आधीच येऊन उभ्या. या स्पर्धेत चेतनाबाई तीन वर्षं दुसऱ्या येत होत्या. अध्यक्षा महेश्वरीताई वहीत लिहीत लिहीत मोठ्याने बोलत होत्या.

"काय कल्पना आहे! दोन देशांची सैन्यं वैर विसरून एका रांगेत देवीला शरण आलीत. केवढा हा शांतीचा संदेश! चेतनाताई, पहिला नंबर तुमचा. लई विचार केलाय की हो तुम्ही!"

"हो, म्हणजे... सुचलं आपलं," चेतनाबाई म्हणाल्या. आत्याने पदर सारखा केला.

शांतीचा संदेश! गोपाळरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. युद्धावरून आलेला माणूस शेजारी उभा, आणि आपण त्याला हे दाखवायला आणलं. त्यांनी चोरून सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांचा चेहरा दगडासारखा होता. त्यांनी चपला काढल्या, खिशातून चष्मा काढला आणि गुडघे मोडून फळीपुढे बसले.

बसले ते बसलेच. नाक वाळवंटाला टेकेल इतके ते वाकले. एका टोकापासून एकेक जवान बघत ते इंचाइंचाने पुढे सरकत होते.

"काय म्हनावी भक्ती!" सारजाआत्या पुटपुटली. "आमच्यातल्या पुरुषांना शिकवा की वाईच."

पंधरा मिनिटं झाली. अखेर सुभेदारांचं बोट जीपजवळच्या एका जवानापाशी थांबलं.

"ह्यो तुमीच रंगवला?"

"हो साहेब."

"बंदुकीचा पट्टा उलटा दाखवलाय ह्याचा. असा पट्टा घालून ह्यो माझ्यापुढं आला असता, तर मैदानाला दहा चकरा मारायला लावलं असतं."

गोपाळराव वाकले. रंगकामाच्या भिंगातून पाहिलं. पट्टा खरंच उलटा होता. मोहरीच्या दाण्याच्याही निम्मा असेल, पण उलटा होता. त्यांचे डोळे भरून आले आणि सगळ्यांदेखत पाणी गालांवर ओघळलं.

चेतनाबाई सुभेदारांवर मनातून चिडल्या आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ द्या हो. एवढीशी तर चूक. कशाला मनाला लावून घेता?"

"अगं, तसं नाही," गोपाळराव हुंदका आवरत, हसत म्हणाले, "त्यांना पट्टा दिसला!"