बुरुजावरी खुर्ची चढविली त्याची हकीकत

ज्यांचे गुडघे शाबूत त्यांनी उभ्याने ऐकावी, ज्यांचे नाहीत त्यांनी टेकोन ऐकावी, परंतु ऐकावी, ऐसी ही हकीकत असे. गावाच्या टोकास आठशे वर्षांचा गोल दगडी बुरूज, पाच मजली, तळाशी भिंत दोन पुरुष जाड. त्याचे राजमान्य राखणदार माथ्यावरील दालनात उभे राहोन येणारांजाणारांस इतिहास सांगत, ऐसी बावीस वर्षे लोटली आणि गुडघ्यांनी बंड केले. मग वरिष्ठ कचेरीचे फर्मान आले की, सोमवारपासोन वर बसावयाची सोय स्वतः करावी, न जमल्यास खाली तिकीटखिडकीत रुजू व्हावे. राखणदारांच्या तोंडचे पाणी पळाले. वरचे दालन म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

तेव्हां त्यांच्या कुटुंबाने, म्हणजे बाईसाहेबांनी, बैठकीतील हातांची खुर्ची मोहिमेस दिली, आणि आपले बंधू कुमकेस बोलाविले. बंधूंचा धंदा घरसामान हलविण्याचा. सोबत दोरखंड, कप्पी आणि अफाट आत्मविश्वास.

रविवारी सकाळी हल्ला जाहला. राखणदार वरून ओढीत, मेहुणे खालोन रेटीत. परंतु जिना अरुंद, उजवीकडे वळत जाणारा, जेणेंकरून चढणाऱ्या गनिमाची तलवार मधल्या खांबास अडावी. आणि एक पायरी मुद्दाम वीतभर उंच, जेणेंकरून त्यास ठेच लागावी. मेहुण्यांस ती लागली. एकतिसावे पायरीस खुर्ची ऐसी रुतली की ना वर ना खाली, राखणदार वर कोंडले गेले, आणि त्या बिकट प्रसंगीही हा जिना कैसा अजिंक्य, याचे अभिमानाने वर्णन करू लागले. मेहुण्यांनी कपाळास हात लाविला.

मग बाईसाहेबांनी पायथ्याहून हुकूम सोडिला, तो जसाच्या तसा लिहिला असे: "अहो, वेढा पडला की धान्याची पोती बाहेरून दोराने वर घ्यायचे, म्हणून ती मोठी खिडकी ठेवलीय, असं रोज जेवताना सांगता ना मला? मग खुर्ची काय पोत्यापेक्षा जड आहे?"

राखणदारांस तेव्हां उमगले. हजारो लोकांस ती खिडकी दाखविली, परंतु स्वतःचे बोलणे स्वतः कधी ऐकिले नव्हते. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग राखणदारांनी वरून लाथेचा रेटा दिला, मेहुण्यांनी खुर्ची मागे खेचोन काढिली, दोर व कप्पी वर पोचती केली. राखणदारांनी कप्पी खिडकीवरील जुन्या तुळईस बांधिली, दोर खाली सोडिला, आणि बहीणभावांनी जोर करिताच खुर्ची भिंतीस दोन धडका देत वर गेली. राखणदारांनी तिला कवटाळोन आत घेतले, आणि त्यांचे डोळे भरोन आले.

उपरांत बाईसाहेब बावीस वर्षांत प्रथमच तो जिना चढोन खासा माथ्यावर दाखल जाहल्या. आजवर डबा पायथ्याशीच पोचता करीत. धाप लागली, सबब प्रथम त्याच बसल्या, आणि खिडकीतून पाहोन बोलल्या, "अगंबाई, एवढंसं दिसतं होय आपलं घर!" मग पतीस आज्ञा केली की, जे रोज सांगता ते सारे येथे, नीट, पहिल्यापासोन सांगावे.

येणेंप्रमाणे बुरूज फत्ते जाहला, राखणदारांची जागा कायम राहिली, खुर्चीवर अंमल बाईसाहेबांचा बसला. राखणदार अंधार पडेपावेतो उभेच होते, आणि गुडघ्यांनी चकार शब्द काढिला नाही.