सासऱ्यांचं नाव

सत्यवती टीचरने मुलांच्या तपासणीच्या तक्त्यावर दुसरी फुली मारली आणि पोराची आई नागमणी वाकून तक्त्यात बघू लागली. तिसरी फुली पडली की पोराची रवानगी काकिनाड्याच्या मोठ्या इस्पितळात, डोकं तपासायला.

"नावाला ओ देत नाही, एक. ये म्हटलं तर येत नाही, दोन. वीरराघवय्या! अरे ए वीरराघवय्या!"

चार वर्षांचा वीरराघवय्या अंगणवाडीच्या चटईवर मांडी ठोकून खिडकीबाहेरची नारळाची झाडं बघत होता. ढिम्म हलेना.

"घरी सगळं ऐकतो हो, टीचरगारू! देवाशपथ!"

"सगळ्याच आया म्हणतात. घरी हाक तरी कशी मारतेस?"

नागमणी पदराशी चाळा करू लागली. "नाव नाही घेता येत मला. सासऱ्यांचं आहे ना ते."

"आणि नवरा?"

"स्वतःच्या बापाच्या नावाला 'गधड्या' कसं जोडणार तो? आम्ही सगळे मामय्याच म्हणतो. मी सासऱ्यांना म्हणते ना, तेच."

टीचरने कपाळावर हात मारला. लग्नाच्या बावीस वर्षांत सासऱ्यांचं नाव तिने स्वतः तरी कुठे घेतलं होतं? रेशनकार्डाच्या वेळी नाव सांगायला शेजारणीला पुढे केलं होतं!

"अगं बये, आधी बोलायला काय झालं होतं? ए मामय्या, ये इकडे!"

मामय्याने मान वळवली, टीचरकडे रागाने पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"अरेतुरे नको ना," नागमणी कळवळली. "त्याला घरात कुणी केलेलं नाही."

झालं! टीचर उठली. तिने खांद्यावर पदर घेतला, आवाज खाली आणला. "मामय्या, यावं. येताना तेवढा लाल ठोकळा आणावा."

पोरगा टुणकन उठला, ठोकळा घेऊन आला. "एका पायावर उभं राहावं" म्हटल्यावर राहिला. दहापर्यंत आकडेही म्हणून दाखवले. टीचरने दोन्ही फुल्या खोडरबराने पुसून काढल्या.

"माझ्या खऱ्या सासऱ्यांनी माझं इतकं कधी ऐकलं नाही गं!"

नागमणीला रडूच कोसळलं. तिने टीचरचे पाय धरले. "फार उपकार झाले, टीचरगारू! दुसरी कुणी असती तर पोराला वेडा ठरवून मोकळी झाली असती. जन्मभर विसरणार नाही."

"ऊठ, वेडाबाई. एकच रकाना राहिलाय. पूर्ण वाक्य बोलतो का?"

मामय्या पाठीमागे हात बांधून आईजवळ आला. घसा खाकरून म्हणाला, "सूनबाई, रडू नकोस. घरी चल आणि आधी कॉफी टाक."