आधी आत, मग बाहेर

वर्षाच्या पहिल्याच सकाळी सासूबाई दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या होत्या आणि समोर सून उभी होती. सुनेच्या पायाशी तीन खोकी होती आणि तीन खोक्यांत मिळून एक लग्नाचा केक होता. घरच्या घरी केक करून विकायला लागल्यापासून तिची ही पहिली मोठी ऑर्डर. बारा वाजता हॉलवर केक पोचला आणि आवडला, तर हॉलवाले यापुढची सगळी लग्नं तिलाच देणार होते. नाही पोचला, तर तिचं नाव कटाप.

"काहीतरी आत आल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

हा या घरचा नियम. पहिल्या दिवशी घरातून जे आधी बाहेर जातं, त्याच्या मागोमाग वर्षभर जातच राहतं, म्हणून आधी काहीतरी आत यायला हवं. नियमाला पोटनियमही होते. माणसांनी खुशाल जावं-यावं, पण रिकाम्या हाताने आणि रिकाम्या खिशाने. आत येणारी वस्तू रस्त्यावरून उचललेली चालत नाही, कुणीतरी आपल्या हाताने दिलेली लागते. तुम्ही हसाल, पण सासूबाईंना हसू येत नव्हतं. एका वर्षी त्यांच्या यजमानांनी पहिल्याच सकाळी दुकानाचा वजनकाटा घरातून दुरुस्तीला नेला, आणि वर्ष संपायच्या आत काट्यामागून दुकानही गेलं. त्या दिवसापासून बाई दारात उभ्या राहायला लागल्या, त्या आजतागायत.

आता खरं सांगायचं, तर हा नियम इतकी वर्षं दूधवाल्याच्या जिवावर चालला होता. तो उजाडायच्या आत दारात हजर व्हायचा, सासूबाईंच्या हातात दूध द्यायचा आणि घर मोकळं व्हायचं. पण यंदा दूधवाल्याला बहिणीकडे जायचं होतं. भला माणूस तो, कुणाची अडचण नको म्हणून आदल्या दिवशीच दोन दिवसांचं दूध घालून गेला. सासूबाईंनी त्याचं तोंड भरून कौतुकही केलं होतं. आज त्या कौतुकाचा त्यांना चांगलाच पश्चात्ताप होत होता.

चिरंजीव म्हणाले, यात काय एवढं, खालून कुणाकडून तरी चमचाभर साखर घेऊन येतो. खिसे उलटे करून आईला दाखवले आणि ते तळमजल्यावर शिंपीकाकांकडे गेले. बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. शिंपीकाका ओंजळ पुढे करून उभे होते.

"या, या. काय आणलंत?" ते म्हणाले.

चिरंजीवांचीही ओंजळ पुढेच होती. दोघं एकमेकांच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग उलगडा झाला. हा नियम सासूबाईंनी एकट्या घरात कोंडून थोडाच ठेवला होता? जिन्यात, गच्चीवर, पाण्याची मोटार बंद पडली की अंगणात, जिथे चार माणसं भेटतील तिथे त्यांनी तो समजावून सांगितला होता, आणि बाईंच्या सांगण्यात काय जोर असायचा म्हणून सांगू! शिंपीकाकांनी त्याच धास्तीने गिऱ्हाइकाचा शिवून तयार असलेला कोट दाराआड अडकवून ठेवला होता. वरच्या मास्तरीणबाई कचऱ्याचा डबा आतल्या बाजूला ठेवून त्याच्याशेजारी नाक दाबून बसल्या होत्या. अख्खी इमारत घ्यायला तयार होती, द्यायला कुणी तयार नव्हतं. एका बाईने नुसत्या बोलण्यावर तीन मजले मुठीत ठेवावेत, याला काय म्हणायचं? बाईंना मानलं पाहिजे.

तोवर सगळे जिन्यात जमले. मास्तरीणबाईंनी तोडगा काढला, की वस्तू हातात आहे तोवर ती घरातच धरायची; एका घराने द्यायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने द्यायचं, म्हणजे आधी कुणाचंच गेलं नाही. त्यांनी चमचा धरला, शिंपीकाकांनी दोऱ्याचं रीळ धरलं, चिरंजीवांनी एक-दोन-तीन म्हटलं. दोघांनीही समोरच्याची वस्तू पकडली, पण स्वतःची कुणी सोडेना. ओढाओढीत रीळ निसटलं आणि दोरा सोडत जिन्यावरून खाली गेलं. आता ते बाहेर गेलं, की एक टोक काकांच्या हातात असल्यामुळे अजून आतच आहे, यावर चांगलीच जुंपली.

वर घरात हॉलवाल्यांचा दुसऱ्यांदा फोन येऊन गेला होता. ऊन खिडकीतून सरकत खोक्यांपर्यंत आलं होतं, आणि सर्वांत वरच्या केकवरचं क्रीम एका बाजूला कलायला लागलं होतं. सून भांडली नाही. तिने खोकी सावलीत ओढली, बाजूला खुर्चीवर बसली आणि फोन हातात घेतला.

"आई, राहू दे," ती म्हणाली. "त्यांना सांगते, आमच्याकडून होणार नाही."

हे सासूबाईंनी ऐकलं. या केकसाठी दोन दिवस मैदा चाळायला त्याच बसल्या होत्या. अंडी फोडायला, भांडी घासायला त्याच होत्या, आणि रात्री सून झोपल्यावर केक खचला तर नाही ना, हे चोरून बघायलाही त्याच उठल्या होत्या. पोरगी चिडली असती तर त्या हटल्या नसत्या. ती गप्प बसली, हेच त्यांना सोसवेना.

त्यांनी चौकटीवरचे हात काढले. बाई खरंच घाबरल्या होत्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यांनी सर्वांत मोठं खोकं उचललं, उंबरठ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि सरळ बाहेर पडल्या. जिन्यातली भांडणं जागच्या जागी थांबली.

"जे आधी जाईल तेच वर्षभर जाणार ना?" त्या मोठ्याने म्हणाल्या, जिन्याला ऐकू जाईल असं. "मग आमच्या घरातून वर्षभर केक जाऊ देत."

इतकी वर्षं सगळे काय जाऊ नये याचा विचार करत बसले होते, काय जावं हे कुणाला सुचलंच नव्हतं. आणि सुचलं ते खुद्द नियमवाल्या बाईंना. शिंपीकाका धावत घरात गेले आणि कोट घेऊन बाहेर आले. वर्षभर कोटच जाऊ देत, म्हणाले. मास्तरीणबाई वर गेल्या आणि निवृत्त झाल्यापासून सोफ्यावरच असलेल्या नवऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. तसं पाहिलं तर माणसं नियमात बसत नव्हती, पण मास्तरीणबाईंनी नवऱ्याला सामानातच धरलं असावं. गृहस्थांनी कुठे जायचं म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी हातातलं मोठं खोकं त्यांच्याकडे दिलं. मधलं चिरंजीवांनी घेतलं. कललेला केक सुनेने स्वतःच्या हातात ठेवला, वाटेत सारखा करते म्हणाली.

एवढं म्हणून ती निघाली, दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"आई, तुम्हीपण चला ना."

"मी? अगं, आता माणसंही धरायची म्हटलं आणि पहिल्याच दिवशी मी हिंडायला निघाले, तर वर्षभर घरात पाय ठरायचा नाही माझा."

"नाही ठरला तर नाही ठरला."

सासूबाईंनी मागे वळून दारातून आत बघितलं. ओटा, खुर्ची, खिडकी, सगळं जिथल्या तिथे होतं. जिन्यात सगळे वाट बघत होते.

"पाच मिनिटं थांब," त्या म्हणाल्या. "चांगले कपडे घालून येते."